सोनाबाईच्या दारावरच्या चार फुल्या

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांना माझ्याकडून वाघ हवा होता. धानोरा तालुक्यात एवढी वर्षं काढली म्हणजे माणसाकडे निदान एक वाघ, एक अस्वल आणि पुरात वाहून जाता जाता वाचलेली एक मोटरसायकल असणारच, असा त्यांचा समज. मी सांगितलं की वाघ मला दोनदा दिसला आणि दोन्ही वेळा त्यानं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यावर चार ओळींपेक्षा जास्त मजकूर निघायचा नाही. माझी सगळी नोकरी डासांत गेली. ते म्हणाले, बरं, डासांवर लिहा, पण जरा गमतीदार लिहा. डासांवर दुसरं कसं लिहितात ते मला माहीतच नाही.

मी आरोग्य सेवक होतो. नोकरी लागली तेव्हा चंद्रपूरला आईनं आमच्या वस्तीतल्या विहारात खीर वाटली आणि पोरगा दवाखान्यात मोठा साहेब झाला असं सगळ्यांना सांगितलं. साहेब नेमकं काय करतो हे मी तिला शेवटपर्यंत नीट सांगितलं नाही. साहेब लोकांच्या अंगणात शिरून त्यांच्या माठात, रांजणात, बादलीत आणि कोंबड्यांच्या पाण्याच्या गाडग्यात टॉर्च मारून बघायचा. साहेबाच्या खांद्यावर कापडी पिशवी असायची, पिशवीत टॉर्च, एक ओगराळं, औषधाची बाटली आणि गेरूचा डबा. या चार वस्तूंवर माझं सगळं साहेबपण उभं होतं.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डास उडायला लागला की तो तुमच्या हातातून गेला. टाळ्या वाजवत बसा. त्याला गाठायचं तर तो पाण्यात असतानाच. साचलेल्या पाण्यात मादी अंडी घालते, अंड्यातून अळी निघते आणि आठ-दहा दिवसांत त्या अळीचा डास होतो. म्हणून आठवड्यातून एकदा घरातली सगळी भांडी उपडी करून कोरडी केली की डासाचं पुढचं खानदानच थांबतं. याला आम्ही कोरडा दिवस म्हणतो. हिवतापाचा डास ओढ्यात, भाताच्या बांधीत, असा लांब जन्मतो आणि रात्री चावायला येतो. पण डेंग्यूचा डास, तो पायांवर पांढरे पट्टे असलेला, घरजावई आहे. तुमच्याच अंगणात, तुमच्याच भांड्यात जन्मतो आणि दिवसाढवळ्या तुमच्याच पायाला चावतो. जेवायला तो लांबच्या गावाला जात नाही. म्हणून एखाद्या अंगणात हा डास दिसला की त्याचं माहेर जवळपासच कुठेतरी असणार, हे आम्ही डोळे मिटून सांगायचो.

रांजणात टॉर्च मारला की अळ्या उजेडाला घाबरून वळवळत तळाशी पळतात. ते पाहून मला होणारा आनंद मी कुणाला सांगू शकत नसे. बायकोला एकदा सांगितला, तर ती म्हणाली, हे बाहेर बोलू नका. अळी सापडली की दाराशेजारच्या भिंतीवर गेरूनं फुली, नाही सापडली तर गोल, अशी आमची खूण. फुली मिळालेल्या घराला शेजारपाजारचे आठवडाभर चिडवायचे, त्यामुळे लोक फुलीला इंजेक्शनपेक्षा जास्त घाबरत.

खरी पंचाईत वेगळीच होती. खाकी रंगाची पिशवी घेऊन भांडी तपासत फिरणारा माणूस म्हणजे दारूबंदीवाला, अशी लोकांची पक्की खात्री. मी गावात शिरलो की मोहाची फुलं भिजत घातलेली मडकी घराघरांतून पळू लागायची. मी पहिल्या घरी, मडकं दुसऱ्या घरी. मी दुसऱ्या घरी, मडकं कुंपणावरून तिसऱ्या घरी. एका गावात काठ फुटलेलं एक मडकं मला सकाळपासून तीन घरांत भेटलं. चौथ्या घरी मी त्याला मनातल्या मनात रामराम केला. मला तुमच्या मोहाशी काही देणंघेणं नाही, त्यात अळी जगतच नाही, असं मी गळा फोडून सांगायचो. त्यावर लोक मान डोलवायचे आणि मडकं आणखी आत सरकवायचे.

आता सोनाबाईकडे येतो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथले लोक अजून माझ्या घरी येतात आणि भांडायला त्यांना एवढंसं कारण पुरतं. सोनाबाई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, गोंडाघरची, नवरा गेलेला, एकटी राहून शेती आणि जंगलातलं डिंक-मोह गोळा करणारी. आमचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. मी तिच्या टाक्यात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडले, तर पुढच्या आठवड्यात टाकं रिकामं. विचारलं तर म्हणाली, सुकवले, पण फारच बारीक निघाले. मी तिला सरकारी औषधी मच्छरदाणी दिली, ती तिनं घरामागच्या सांदवाडीत काकडीच्या वेलावर घातली, कोंबड्यांपासून वाचवायला. त्या वर्षी तिच्या काकड्यांना मलेरिया झाला नाही, एवढं मी खात्रीनं सांगू शकतो. मला काही कळू द्यायचं नसलं की ती शेजारणीशी गोंडीत बोलायची आणि दोघी माझ्याकडे बघून हसायच्या. मला गोंडीतला पाण्याला असलेला ‘येर’ हा एकच शब्द समजत होता, आणि तो त्या मुद्दाम टाळायच्या.

तिचं अंगण बोअरिंगच्या वाटेवर होतं. अख्खं गाव पाण्याला तिथूनच जायचं. त्या उन्हाळ्याच्या शेवटी आम्हाला गावोगाव पाट्या लावायचा हुकूम आला आणि मी तिचं अंगण निवडलं. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘आपले अंगण तपासा, डासांना थारा देऊ नका.’ मी दोन जाड बांबू आणले, खड्डे खणले, पाटी बांधली. एक बांबू वर जास्त निघाला होता, दुसरा कमी. मला ते बघवेना. पाहणीला वरिष्ठ येणार होते. मी करवत मागून आणली आणि स्टुलावर चढून दोन्ही बांबू वरून एका रेषेत कापले. सोनाबाई दारात बसून बघत होती. ती म्हणाली, “सायेब, गाठीवर कापा ना, असं मधात काऊन कापून राह्यले?” मी म्हटलं, बाई, सरकारी कामात मधे बोलू नका. ती उठून आत गेली. वरिष्ठ आले, पाटी एका रेषेत आहे म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

पावसाळा लागला आणि सोनाबाईची मुलगी ललिता माहेरी आली. ती मुलचेऱ्याकडे दिली होती. आदल्या वर्षी तिला सहाव्या महिन्यात ताप आला आणि पोटातलं मूल गेलं. आता पुन्हा पाचवा महिना होता. सोनाबाई स्वतः बस बदलत बदलत जाऊन तिला घेऊन आली होती. मंगळवार हा त्या गावातला माझा तपासणीचा वार. त्या मंगळवारी मी अंगणात शिरलो तेव्हा तिनं मला पहिल्यांदाच पाणी विचारलं आणि समोर उभी राहून म्हणाली, “सायेब, मले मासोया नको न् मच्छरदाणी नको. माया पोरीले मच्छर चावला नाई पायजे, बस.” मी छातीवर हात ठेवून सांगितलं की या अंगणातून एकही डास उडणार नाही, ही माझी जबाबदारी. गावच्या आशा कार्यकर्त्या वंदनाताई माझ्यासोबत होत्या. त्या नंतर म्हणाल्या, भाऊ, एवढं मोठं कशाला बोलले. मला तेव्हा ते मोठं वाटलंच नव्हतं.

पहिल्या मंगळवारी कोंबड्यांच्या गाडग्यात अळ्या मिळाल्या. फुली. दुसऱ्या मंगळवारी अंगणातल्या जुन्या उखळात. फुली. तिसऱ्या मंगळवारी सांदवाडीत पडलेल्या फुटक्या घमेल्यात. फुली. सोनाबाईनं मुकाट्यानं गाडगं उलटं केलं, उखळात माती भरली, घमेलं भंगारवाल्याला दिलं. मच्छरदाणी काकडीवरून काढून, धुऊन, ललिताच्या बाजेवर बांधली. आता विषय संपला असं मला वाटलं.

चौथ्या मंगळवारी एकाही भांड्यात अळी नव्हती. आणि ललिता अंगणात बाजेवर पाय हलवत बसली होती, कारण भरदिवसा पट्ट्यापट्ट्याचे डास तिच्या पायाशी घोंगावत होते. त्याच आठवड्यात पलीकडच्या गल्लीत दोघांना डेंग्यू निघाला. माझं डोकं फिरलं. डास आहेत म्हणजे पाणी आहे, पाणी आहे म्हणजे भांडं आहे, आणि भांडं दिसत नाही म्हणजे सोनाबाईनं लपवलं आहे. मोहाचं मडकं. त्याच्या शेजारी पाण्याचंही एखादं असणार. मी तिला विचारलं, तिनं नाही म्हटलं. मी फुली मारली. अळी न दिसता फुली मारणं नियमात बसत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं.

पाचव्या मंगळवारी तेच, फुली. सहाव्या मंगळवारी तेच, फुली. मी तिचं अंगण असं पालथं घातलं की तसं पोलिसांनीही घातलं नसेल. नारळाच्या करवंट्या, चपलेचा खोलगट तळवा, अळूच्या पानाचा देठ, बैलाच्या घंटेचं टोपण. वंदनाताई माझ्यामागे रजिस्टर घेऊन फिरत आणि दर पाच मिनिटांनी विचारत, भाऊ, आता बैलाच्या कानातबी पाहायचं का. मी तेही पाहिलं. बैलानं मला दूर ढकललं. इकडे सोनाबाई रोज कडुलिंबाचा धूर करत होती, इतका की ललिता डासांपेक्षा धुरानं जास्त रडायची. तिला सहावा महिना लागला होता. सोनाबाई माझ्याशी बोलायची बंद झाली होती.

सातव्या मंगळवारी मला मडकं सापडलं. सांदवाडीत, पळसाच्या पानांच्या ढिगाखाली, वर गोणपाट. मी विजयानं ओरडलोच असेन, कारण बोअरिंगवरच्या बायका घागरी ठेवून धावत आल्या. दहा-पंधरा माणसं गोळा झाली. मी पिशवीतून टॉर्च काढला, ओगराळं काढलं, सगळ्यांकडे एकदा बघून गोणपाट उचललं आणि आत उजेड मारला. आत मोह होता. चांगला फेसाळलेला, नाकात जाणारा वास असलेला, आणि त्यात अळी तर सोडाच, मुंगीसुद्धा नव्हती. मी ओगराळं बुडवून चार वेळा पाहिलं. मागून कुणीतरी म्हणालं, सायेबाले अजून एक ओगराळं द्या, त्याईचं समाधान नाई झालं. मग जो हशा उठला तो मला आजही ऐकू येतो. सोनाबाई मात्र हसली नाही. मी रागारागानं अंगणात आलो आणि दाराशेजारी सातवी फुली ओढली.

गर्दी पांगली. मी बाजेच्या टोकाला मटकन बसलो. ललिता एरवी माझ्यासमोर शब्द काढत नसे. ती पाटीकडे बोट दाखवून हळूच म्हणाली, “भाऊ, मच्छर त्या बांबूतून निघतेत. मी रोज पायतो.” मी विचारलं, मग आजवर सांगितलं का नाही. ती म्हणाली, “तुमची पाटी होय ना. तुमी रागावसान म्हून नाई सांगतलं.”

मी वर पाहिलं. दिवसभर बाजेवर पडून तिला आभाळ दिसत होतं, आणि आभाळावर बांबूच्या टोकातून एकेक ठिपका सुटताना दिसत होता. मी सात आठवडे खाली वाकून शोधत होतो आणि डास माझ्या डोक्यावर जन्माला येत होते. वंदनाताईंनी स्टूल आणलं. मी चढलो, टॉर्च बांबूच्या तोंडात मारला आणि आतल्या पाण्यात वळवळाट झाला. आयुष्यात पहिल्यांदाच अळी पाहून मला आनंद झाला नाही.

त्या भागात कुंपण घालणारं लहान पोरसुद्धा बांबू गाठीच्या लगेच वर कापतं. गाठ म्हणजे आतला पडदा. तिथे कापलं की वर खळगा राहत नाही, पाणी वाहून जातं, बांबू सडत नाही. गाठीच्या वर वीतभर सोडून कापलं तर बांबूचा पेला होतो. मी एका रेषेच्या हौसेपायी असे दोन पेले करून सोनाबाईच्या अंगणात उभे केले होते, पाऊस ते दर दोन दिवसांनी भरत होता आणि पेल्यांच्या मधे अंगण तपासा असं लिहिलेलं होतं.

मी स्टुलावरून खाली उतरलो आणि सोनाबाईला सगळं सांगितलं. तिनं ऐकलं, आत गेली, कोयता घेऊन आली आणि माझ्या हातात दिला. मी गाठीवर कापलं.

दोन दिवसांनी वंदनाताईंचा फोन आला की ललिताला ताप आहे. मी मोटरसायकल कशी चालवली ते आठवत नाही. रुग्णवाहिकेतून तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं, रक्त तपासायला दिलं आणि मी व सोनाबाई व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. मी फार घाबरलो होतो. वाघ रस्त्यावर आडवा आला तेव्हाही मी एवढा घाबरलो नव्हतो. ती मला शिव्या देईल याची मी वाट बघत होतो, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बऱ्याच वेळानं ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “भाऊ, तू जेवला का?” तिनं पदरात बांधून आणलेली तांदळाची भाकर मोडून अर्धी मला दिली. सायेबाचा भाऊ कधी झाला आणि तुमीचा तू कधी झाला हे त्या क्षणी माझ्या लक्षातही आलं नाही.

रिपोर्ट आला. डेंग्यू नव्हता, हिवतापही नव्हता. साधा सर्दीचा ताप होता, तीन दिवसांत उतरला. पोटातलं बाळ ठीक होतं. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मी त्यांचा हात इतका वेळ हलवला की त्यांनी मला बाळाचा बाप समजून अभिनंदन केलं. सोनाबाईनं पदरानं तोंड झाकलं. ती रडते आहे असं मला वाटलं, पण ती हसत होती.

त्या आठवड्याच्या अहवालात डासांची उत्पत्ती कुठे आढळली या रकान्यात माठ, रांजण, टायर वगैरे छापील शब्द होते. मी ‘इतर’वर खूण केली आणि पुढे लिहिलं, आरोग्य सेवकाने लावलेली पाटी. वरिष्ठांनी मला बोलावून विचारलं की ही काय चेष्टा आहे. मी सांगितलं की चेष्टा नाही, गेल्या चार आठवड्यांतली त्या अंगणाची ही एकमेव खरी नोंद आहे. दुसऱ्याच दिवशी सगळ्या गावांतल्या पाट्यांचे बांबू तपासायचा हुकूम निघाला. मी तालुकाभर कोयता घेऊन फिरलो. लोकांना वाटलं, दारूबंदीवाल्यांनी आता बांबूतही शोधायला सुरुवात केली.

ललिताला मुलगी झाली. बाळ महिन्याचं झाल्यावर सोनाबाईनं जेवायला बोलावलं. बाळंतिणीसाठी घर नव्यानं पोतारलेलं होतं, भिंती पांढऱ्या मातीनं अशा उजळल्या होत्या की डोळे दिपावेत. पण दाराशेजारी हातभर जागा तिनं तशीच सोडली होती आणि त्या जुन्या मळक्या तुकड्यावर माझ्या गेरूच्या फुल्या दिसत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, बाई, पोतारा घ्या, मीच पुसून टाकतो. मी जवळ गेलो तेव्हा दिसलं की फुल्या सात नव्हत्या, चारच होत्या. तिनं माझा हात धरला.

“पयल्या तीन माया होत्या, त्या पुसल्या,” ती म्हणाली. “ह्या चार तुया आहेत. राहू दे.”

मी निवृत्त झालो त्यालाही आता काही वर्षं झाली. अजून वर्षातून एकदा मी तिकडे जातो. घर दर दिवाळीला पोतारलं जातं आणि तेवढी जागा दर दिवाळीला सोडली जाते. ललिताची मुलगी आता शाळेत जाते, सुट्टीत आजीकडे येते. मी अंगणात शिरलो की ती माझी पिशवी काढून घेते, टॉर्च लावते, आधी सगळी गाडगी तपासते आणि मग माझा हात धरून मला भिंतीपाशी नेते. बोटानं एकेक फुली मोजते आणि आजोबा, ह्या तुमच्याच ना, असं विचारते. मी हो म्हणतो. सोनाबाई दारात बसून ऐकत असते, आणि माझं हो म्हणून झाल्याशिवाय चहा ठेवायला उठत नाही.